२५७ थरांची फिल्म: दोन दाणे, सात मल्टिप्लायर

पाच, सात किंवा नऊ थरांची ब्लोन (फुग्यासारखी फुगवून बनवलेली) फिल्म आता आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये नेहमीची झाली आहे. तिथे प्रत्येक थर काही मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. हा लेख वेगळ्या फिल्मबद्दल आहे. हिच्यात दोनच प्लास्टिक आलटून पालटून शेकडो वेळा येतात आणि एकेक थर १०० नॅनोमीटरपेक्षाही पातळ असतो. असे थर प्रकाशाला आरशासारखे परतवतात, म्हणून रंगद्रव्याचा कणही न घालता फिल्म हिरवी किंवा लाल चमकते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून डाऊ केमिकलमध्ये वॉल्टर श्रेंक आणि टर्नर आल्फ्री यांनी या तंत्राचा पाया घातला.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: साधं पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक यांची, हिरवा प्रकाश परतवणारी २५७ थरांची फिल्म. छोटी पायलट लाइन गृहीत धरली आहे. थरांची संख्या वाढवणं सोपं असतं, लोखंडाचा एक ठोकळा, म्हणजे मल्टिप्लायर, बसवला की ती दुप्पट होते. सगळे थर सारख्या जाडीचे ठेवणं हे खरं काम, आणि त्यातलं बरंचसं मशीन सुरू होण्याआधीच ठरून जातं.

मल्टिप्लायर काय करतो

फीडब्लॉकमधून (वितळलेली दोन्ही प्लास्टिक थरांत एकत्र आणणारा ठोकळा) तीन थरांचा चौकोनी प्रवाह निघतो: वर ॲक्रिलिक, मध्ये पॉलिस्टायरीन, खाली ॲक्रिलिक. मल्टिप्लायरमधली उभी पात हा प्रवाह डावा-उजवा असा दोन भागांत चिरते. डावा भाग वरच्या वाटेने जातो, उजवा खालच्या. दोन्ही भाग पसरून मूळ रुंदीचे होतात, पातळ होतात आणि एकमेकांवर बसतात. चिरोट्यात पोळ्यांमध्ये साटा असतो म्हणून पदर सुटे राहतात. इथे साटा नसतो, त्यामुळे वरच्या भागाचं खालचं ॲक्रिलिक आणि खालच्या भागाचं वरचं ॲक्रिलिक मिळून एकच थर होतो. म्हणून तीनाचे सहा न होता पाच होतात, मग नऊ, सतरा, तेहतीस. सात मल्टिप्लायरनंतर २५७, दहानंतर २०४९.

याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. फीडब्लॉकमध्ये वरचं आणि खालचं ॲक्रिलिक अगदी समसमान नसलं तरी आतल्या प्रत्येक ॲक्रिलिक थराची जाडी त्या दोघांची बेरीजच असते. चूक फक्त सर्वांत बाहेरच्या दोन थरांत उरते. मल्टिप्लायरमधली चूक मात्र गुणली जाते. पात प्रवाहाला ५०:५० ऐवजी ५२:४८ चिरत असेल, तर सात टप्प्यांनंतर सर्वांत जाड थर सरासरीच्या १.३२ पट आणि सर्वांत पातळ ०.७५ पट होतो. ५१:४९ असेल तर हेच आकडे १.१५ आणि ०.८७. म्हणून मल्टिप्लायर विकत घेताना किंवा बनवून घेताना दोन्ही वाटांची लांबी, उंची आणि पॉलिश मोजून घ्या. पैसे इथे वाचवू नका.

थर किती जाड हवा

परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी म्हणजे एका जोडीतल्या दोन्ही थरांच्या (जाडी गुणिले अपवर्तनांक) बेरजेची दुप्पट. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, पॉलिस्टायरीनचा १.५९. हिरव्यासाठी ५५० नॅनोमीटर धरले, तर प्रत्येक थर पाव तरंगलांबीचा ठेवायचा:

ॲक्रिलिक: ५५० ÷ (४ × १.४९) = ९२.३ नॅनोमीटर
पॉलिस्टायरीन: ५५० ÷ (४ × १.५९) = ८६.५ नॅनोमीटर

एक जोडी सुमारे १७९ नॅनोमीटरची आणि २५७ थरांत १२८ जोड्या, म्हणजे या थरांच्या गठ्ठ्याची, गाभ्याची, जाडी जवळपास २३ मायक्रॉन.

कागदावर ३२ जोड्यांतच ९४ टक्के प्रकाश परततो, मग १२८ कशाला? कारण अपवर्तनांकातला फरक फक्त ०.१० आहे आणि अशा आदर्श रचनेचा पट्टा जेमतेम २३ नॅनोमीटर रुंद असतो. प्रत्यक्षात थरांची जाडी पाच-दहा टक्के इकडेतिकडे असते, त्यामुळे जोड्या वेगवेगळ्या रंगांवर विखुरतात. जादा जोड्या ही त्या विखुरण्याची भरपाई आहे.

दाणा निवडताना

पॉलिस्टायरीन साधं, पारदर्शक घ्या. हाय इम्पॅक्ट ग्रेड चालत नाही, कारण त्यातले रबराचे कण एक-दोन मायक्रॉनचे असतात आणि एकेक कण दहा-वीस थर फोडतो. इम्पॅक्ट मॉडिफाइड ॲक्रिलिकही याच कारणाने नको. रंगाचा मास्टरबॅच (गच्च रंग भरलेला दाणा), फिलर, रिसायकल दाणा यांतलं काहीही नको. टायटॅनियम डायऑक्साइडचा कण २०० ते ३०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे आपल्या थराच्या दुपटीहून मोठा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची: दोन्ही मेल्टचा (वितळलेल्या प्लास्टिकचा) घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, जुळवणं. डेटाशीटवरचे एमएफआय (ठरलेल्या तापमानाला आणि वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम मेल्ट वाहतो तो आकडा) शेजारी शेजारी ठेवून ग्रेड निवडू नका. पॉलिस्टायरीनचा एमएफआय २००° सेल्सिअस आणि ५ किलो वजनावर दिलेला असतो, ॲक्रिलिकचा २३०° आणि ३.८ किलोवर. हे आकडे एकमेकांशी तोलताच येत नाहीत. रिओमीटर (व्हिस्कॉसिटी मोजणारं यंत्र) असेल तर २२०°, २३०°, २४०° आणि २५०° ला, सेकंदाला १ ते १० या शिअर रेटमध्ये (मेल्टचे पदर एकमेकांवर घसरण्याच्या वेगात) दोन्ही दाण्यांचे आलेख काढा. मल्टिप्लायरमधला वेग त्याच पट्ट्यात असतो. रिओमीटर नसेल तर एमएफआय यंत्रावर दोन्ही दाणे त्याच तापमानांना, त्याच ३.८ किलोवर चालवा आणि आलेले ग्रॅम मेल्टच्या घनतेने भागून घनसेंटिमीटरमध्ये तुलना करा.

तापमान वाढलं की ॲक्रिलिक सहसा पॉलिस्टायरीनपेक्षा लवकर पातळ होतं, त्यामुळे दोन आलेख कुठेतरी एकमेकांना छेदतात. छेद २२५° ते २४५° च्या दरम्यान येईल अशी ग्रेडची जोडी शोधा. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २५ टक्क्यांपर्यंत चालवून बघता येतं. दुपटीचा फरक असेल तर सरळ ग्रेड बदला.

अनेकजण इथे एक पळवाट शोधतात: एक एक्स्ट्रूडर (दाणा वितळवून पुढे ढकलणारं यंत्र) २२०° ला, दुसरा २५०° ला ठेवून घट्टपणा जुळवायचा. दोन-तीन थरांच्या जाड शीटमध्ये हे थोडंफार चालतं. इथे चालत नाही. एक मिलिमीटरच्या थरातून उष्णता पार व्हायला सुमारे दहा सेकंद लागतात, पण १०० मायक्रॉनच्या थराला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या मल्टिप्लायरपर्यंत दोन्ही प्लास्टिक एकाच तापमानाला येतात आणि झाकलेला फरक उघडा पडतो. म्हणून फीडब्लॉकपासून डायपर्यंत (फिल्म जिथून बाहेर येते तो साचा) एकच तापमान ठरवा. इथे २३५° धरलं आहे.

लाइनची मांडणी

दोन लहान सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडर (स्क्रू १९ ते २५ मिमी, लांबी व्यासाच्या २४ ते ३० पट) गाभ्यासाठी आणि तिसरा बाहेरच्या स्किनसाठी (गाभ्यावरचं, नंतर सोलून काढायचं आवरण). तिन्हींच्या पुढे मेल्ट पंप हवाच. स्क्रूच्या भरवशावर प्रवाह दोन-तीन टक्के हलतो आणि तेवढं हलणं फिल्मवर रंगाच्या पट्ट्यांच्या रूपात दिसतं. गाभ्याच्या दोन्ही वाटांवर, पंपानंतर पण फीडब्लॉकच्या आधी, २० मायक्रॉनचा मेटल फायबर फिल्टर बसवा. नेहमीची ३२५ मेशची जाळी ४४ मायक्रॉनची असते, म्हणजे तिच्यातून सुटलेलं जेल (न वितळलेला बारीक गोळा) आपल्या पूर्ण गाभ्याच्या दुप्पट जाड. फीडब्लॉकच्या पुढे मात्र कुठलीही जाळी नको, ती थरांचा चुराडा करते.

त्यापुढे फीडब्लॉक, सात मल्टिप्लायर, मग स्किन चढवणारा ब्लॉक, ३०० मिमी कोटहँगर डाय (लिप, म्हणजे बाहेरची फट, ०.५ मिमी), फिल्म गार करणारा चिल रोल, कडा कापणारी ट्रिम आणि गुंडाळणारा वाइंडर. स्किन शेवटच्या मल्टिप्लायरनंतरच चढवायची. आधी चढवली तर तीही गुणली जाते.

स्किनसाठी एलडीपीई (मऊ पॉलिथीन), दोन्ही बाजूंना १५-१५ मायक्रॉन. ती पॉलिस्टायरीनला किंवा ॲक्रिलिकला चिकटत नाही, म्हणून नंतर सोलून काढता येते. तिचा खरा उपयोग डायमध्ये आहे: भिंतीलगतचा जोराचा शिअर ती स्वतःवर घेते आणि गाभा मधल्या शांत भागातून जातो. स्किनचा मेल्ट गाभ्यापेक्षा थोडा कमी घट्ट ठेवा.

प्रत्येक मल्टिप्लायरला स्वतंत्र हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) द्या आणि चारही बाजूंना इन्सुलेशन गुंडाळा. वरची बाजू झाकलेली आणि खालची उघडी राहिली की तीन-चार अंशांचा फरक पडतो. मग गरम बाजूने जास्त मटेरियल वाहतं आणि ५०:५० ची विभागणी बिघडते. एक अंशाच्या आत राहायचं.

मात्रा

न ट्रिम केलेली रुंदी २४० मिमी आणि वेग मिनिटाला १० मीटर धरा. म्हणजे मिनिटाला २.४ चौरस मीटर फिल्म.

ॲक्रिलिक: ११.८ मायक्रॉन, घनता १.१८, मिनिटाला सुमारे ३३.५ ग्रॅम
पॉलिस्टायरीन: ११.१ मायक्रॉन, घनता १.०५, मिनिटाला सुमारे २८ ग्रॅम
एलडीपीई: ३० मायक्रॉन, घनता ०.९२, मिनिटाला सुमारे ६६ ग्रॅम

एकूण तासाला साडेसात किलोच्या आसपास. पंपाच्या आरपीएमवरून हिशेब करू नका. गरम मेल्टची घनता दाण्यापेक्षा कमी असते आणि पंप थोडा गळतोच. प्रत्येक पंप फीडब्लॉकपासून सोडवा, १०, १५ आणि २० आरपीएमला दोन-दोन मिनिटं मटेरियल धरा, वजन करा आणि आलेख काढा. पंपाच्या तोंडाशी येणारा दाब ५० बारच्या आसपास स्थिर राहील असा स्क्रूचा वेग कंट्रोलरला बांधून द्या.

पहिली फेरी: काळा आणि पांढरा

महागडा दाणा घालण्याआधी एकाच ग्रेडचं पॉलिस्टायरीन दोन्ही एक्स्ट्रूडरमध्ये चालवा, एकात काळा मास्टरबॅच आणि एकात पांढरा. मास्टरबॅचची मनाई इथे लागू नाही, कारण थर अजून मिलिमीटरचे आहेत. फक्त एक किंवा दोन मल्टिप्लायर बसवा. प्रवाह स्थिर झाला की तिन्ही एक्स्ट्रूडर एकदम थांबवा, हीटर बंद करा, ब्लॉक गार झाल्यावर उघडा आणि आत गोठलेला ठोकळा करवतीने आडवा कापा.

थर सरळ आणि समान दिसले तर पुढे जा. कडेला वाकलेले किंवा कोपऱ्यांकडे ओढलेले दिसले, तर घट्टपणाच्या फरकाला दोष देता येणार नाही, कारण दोन्ही प्लास्टिक एकच आहेत. मेल्ट लवचिक असतो आणि चौकोनी वाटेत तो कोपऱ्यांकडे हळूहळू गोल फिरतो. डाऊच्या जोसेफ डूली यांनी हे बारकाईने अभ्यासलं: चौकोनी वाटेत असे आठ भोवरे बनतात, गोल वाटेत बनत नाहीत. उपाय म्हणजे वाटेची लांबी कमी करणं, कोपरे गोलाई देऊन घडवणं आणि कमी लवचिक ग्रेड घेणं. उरलेली विकृती कडांना राहते, तिला ट्रिममध्ये घालवायची. म्हणूनच २४० मिमी फिल्ममधले मधले १६० मिमीच कामाचे धरा.

दुसरी फेरी खऱ्या दाण्यांनी, तीन मल्टिप्लायर लावून, १७ थरांची. लाइनचा वेग मिनिटाला १.३५ मीटर ठेवला की गाभा १७० मायक्रॉनचा आणि प्रत्येक थर साधारण १० मायक्रॉनचा होतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक थर मोजता येतो. ही फेरी टाळून थेट सातवर उडी मारली तर काय बिघडलं ते दिसतच नाही, फक्त रंग फिका येतो आणि माणूस अंदाज बांधत बसतो.

खरी फेरी

१. ॲक्रिलिक ८०° ला चार तास डिह्युमिडिफाइड ड्रायरमध्ये वाळवा. पॉलिस्टायरीनला ७०° ला दोन तास पुरतात. ॲक्रिलिकमध्ये ओल राहिली तर फिल्मवर चंदेरी रेघा आणि बुडबुडे येतात.

२. फीडब्लॉक ते डाय २३५° ला नेऊन तीन-चार तास तसंच ठेवा. थर्मोकपलवर आकडा आला म्हणजे लोखंड आतपर्यंत तापलं असं नाही. थंड मल्टिप्लायरमध्ये दाब देणं धोक्याचं आहे. बोल्ट गरम अवस्थेत पुन्हा टॉर्क रेंचने आवळा.

३. ॲक्रिलिकचा पंप हळू सुरू करा, म्हणजे भिंती आधी त्याने भिजतात. लगेच एलडीपीई सुरू करा, नाहीतर गाभ्याचं मटेरियल स्किनच्या वाटेत उलटं शिरतं. मग पॉलिस्टायरीन. तिन्ही पंप एकत्र, थोडे थोडे वाढवा.

४. डायच्या वर धूर ओढणारा एग्झॉस्ट चालू ठेवा. ॲक्रिलिक जास्त तापलं तर त्याचा मोनोमर (ज्यापासून ते बनतं ते मूळ रसायन) सुटतो. २६०° च्या वर जाऊ नका.

५. चिल रोल ५०° ते ६०°. त्याहून गरम केला तर एलडीपीई चिकटायला लागते. डायची लिप रोलच्या शक्य तितकी जवळ आणा, म्हणजे रुंदी कमी आकसते.

६. कुठलाही बदल केला की थांबा. फीडब्लॉक ते डायपर्यंतची पोकळी २५० घनसेंटिमीटर असेल आणि गाभा मिनिटाला ६० घनसेंटिमीटर वाहत असेल, तर एकदा बदली व्हायला चार मिनिटं लागतात. तरीही जुनं मटेरियल पूर्ण निघायला याच्या चार-पाचपट वेळ द्या.

आता रंग जुळवायचा. इथे पंपांना हात न लावता फक्त लाइनचा वेग बदला. रुंदी तेवढीच राहिली तर मिनिटाला १० मीटरला ५५० नॅनोमीटर, म्हणजे हिरवा. ९.२ मीटरला ५९८, म्हणजे नारिंगी. १२ मीटरला ४५८, म्हणजे निळा. फिल्म आरपार पाहिली तर उलटा रंग दिसतो, हिरवी फिल्म जांभळट गुलाबी. तिरकी धरली की परतणारा रंग निळ्याकडे सरकतो: ४५ अंशांवर ५५० चे साधारण ४८८ होतात. कलंडवल्यावर रंग सरकत नसेल तर तो थरांचा रंग नाही.

काय बिघडतं

रुंदीभर रंग बदलतो, मध्ये हिरवा आणि कडेला पिवळा: जाडी पाच टक्के बदलली की रंग सत्तावीस-अठ्ठावीस नॅनोमीटर सरकतो. आधी डायचे लिप बोल्ट तपासा. एकूण जाडी सारखी असूनही रंग बदलत असेल, तर स्किन आणि गाभा यांचं प्रमाण रुंदीभर बदलतं आहे. मग स्किन सोलून गाभा वेगळा मोजा.

लांबीच्या दिशेने ठरावीक अंतराने पट्टे: अंतर मोजा. १० मीटरच्या वेगाला पट्टे ०.८ मीटरवर येत असतील तर काळ ४.८ सेकंदांचा. कोणता पंप मिनिटाला १२.५ फेरे फिरतो आहे ते पाहा, दोष त्याच्या शाफ्टमध्ये किंवा कपलिंगमध्ये असतो. कुठल्याच पंपाशी काळ जुळत नसेल तर स्क्रूचा आणि चिल रोलचा वेग ताडून पाहा.

बाणाच्या टोकासारखी नक्षी किंवा लाटा: थरांच्या सीमेवरचा शिअर स्ट्रेस जास्त झाला आहे. हे बहुतेक वेळा स्किन आणि गाभा यांच्या सीमेवर होतं. स्किन जाड करा, तिच्यासाठी कमी घट्ट मेल्टची ग्रेड घ्या, किंवा उत्पादन २० टक्क्यांनी उतरवा. डायचं तापमान पाच अंश वाढवूनही फरक पडतो, पण तेवढ्याने गाभ्यातला ताळमेळ बिघडत नाही ना ते पाहा.

रंग फिका, फिल्म किंचित दुधाळ: थर तुटले आहेत. पातळ प्लास्टिक भिंतीकडे जाऊन घट्ट प्लास्टिकला कडेने गुंडाळायला लागलं असेल, तर आधी कडा बिघडतात आणि दोष आत सरकत येतो. तसं दिसलं तर घट्टपणा जुळवण्याच्या पायरीकडे परत जा, लाइनवर उपाय नाही.

काचेच्या मण्यासारखे ठिपके, भोवती रंगीत वर्तुळं: जेल किंवा जळका कण. वर्तुळं म्हणजे कणाभोवती वाकलेले थर. फिल्टर तपासा, आणि मेल्ट कुठे साचून राहतो ते शोधा.

मोजणी

स्किन सोला आणि स्पेक्ट्रोमीटरवर ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत परतणारा प्रकाश पाहा. शिखर कुठे आहे यावरून सरासरी जाडी कळते, पायथा किती पसरला आहे यावरून थरांमधला फरक. रोज एवढं पुरतं.

थर प्रत्यक्ष पाहायचे तर फिल्म इपॉक्सीत बसवून मायक्रोटोमने (अतिपातळ काप घेणारं यंत्र) काप घ्या आणि कापलेला पृष्ठभाग एएफएमखाली (ॲटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शक) बघा. सुरी थरांना समांतर चालवा. आडवी चालवली तर काप दाबला जातो आणि थर खऱ्यापेक्षा पातळ मोजले जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी रुथेनियम टेट्रॉक्साइडने पॉलिस्टायरीन गडद करतात. ते अतिशय विषारी आहे, फ्यूम हूड आणि प्रशिक्षित हात नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

किती पातळ जाता येतं

दहा मल्टिप्लायर लावून २३ मायक्रॉनमध्ये २०४९ थर बसवले तर प्रत्येक साधारण ११ नॅनोमीटरचा. पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिकची ही जवळपास सीमाच. १० नॅनोमीटरच्या खाली थर जागोजागी भोकं पडून तुटतात. रंगासाठी तिथे जायची गरज नाही, ऑक्सिजन अडवणाऱ्या फिल्मसाठी मात्र पातळ थराला अर्थ आहे. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात एरिक बेअर आणि ॲन हिल्टनर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की पॉलिइथिलीन ऑक्साइडचा थर सुमारे २० नॅनोमीटरपर्यंत नेला की त्याचे स्फटिक आडव्या लाद्यांसारखे वाढतात आणि ऑक्सिजनची गळती शंभरपटीने घटते.

ठळक आरसा हवा असेल तर ही जोडी कमी पडते, तिथे थ्री-एम कंपनीने दुसरी वाट घेतली: फिल्म ताणून पॉलिएस्टरचा अपवर्तनांक वाढवायचा. त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख २००० चा. नायलॉन किंवा इव्हीओएच (ऑक्सिजन अडवणारं प्लास्टिक) पॉलिथीनसोबत घ्यायचं असेल तर मध्ये टाय लेयर (दोघांना चिकटवणारा थर) लागतो, म्हणजे तिसरा एक्स्ट्रूडर गाभ्यातच आणि फीडब्लॉक पाच थरांचा.

बंद करताना

गरम ब्लॉकमध्ये ॲक्रिलिक सोडून जाऊ नका. त्याच्या हॉपरमध्ये पॉलिस्टायरीन घाला, २० मिनिटं चालवा, मग दोन्ही वाटांतून एलडीपीई, आणि ती स्वच्छ येऊ लागली की तापमान उतरवा. मल्टिप्लायर उघडलाच तर मटेरियल मऊ असतानाच पितळी पट्टीने काढा, पोलादी अवजार लावू नका. उरलेलं बर्नआउट ओव्हनमध्ये. पुन्हा जोडण्याआधी प्रत्येक पातीची धार भिंगाखाली बघा. धारेवर नखाला जाणवेल एवढा खाच असेल तर तो मल्टिप्लायर ग्राइंडिंगला पाठवा आणि परत आल्यावर काळ्या-पांढऱ्याची फेरी पुन्हा घ्या.